ठेंगणी ताठ उभी राहिली

लुरा,
३ ऑगस्ट २०२०

प्रिय लाईल,

तुझं जूनचं पत्र जुलै संपता संपता मिळालं. या साथीत टपालसुद्धा विलगीकरणात राहून येतं वाटतं. फोन मी मुद्दामच करत नाही. मागच्या खेपेला "गुडघा कसा आहे?" विचारलं, तर तू म्हणालास, "उघडाच आहे, इथे कुलूप कोण लावतं!" त्यापुढे मला घसा ताणायचा नाही.

इथे डोंगरात ऑगस्टची थंडी कडक आहे. काकाकुव्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट कुरतडून अर्धी केली. मी त्यांना ओरडते, ते मला ओरडतात, असा सकाळचा वेळ बरा जातो.

आता मुद्द्याचं. परवाच्या साप्ताहिकात राष्ट्रीय उद्यान खात्याची एक चौकट आली आहे. कात्रण पाठवलं असतं, पण तू चष्मा हरवतोस, म्हणून मोठ्या अक्षरात उतरवून काढते:

"फेब्रुवारीतल्या अतिवृष्टीत टिलीच्या धबधब्याशेजारचा कडा कोसळून तिथल्या ठेंगण्या डोंगरी पाईनची सर्व मादी झुडपं नष्ट झाली आहेत. हे सूचिपर्णी झुडूप आपल्या भागातल्या मोजक्या धबधब्यांच्या तुषारात उगवतं, जगात इतरत्र कुठेही नाही. टिलीवर आता फक्त नर झुडपं उरली आहेत. पूर्वी कुणी तिथून रोप नेऊन घरी लावलं असल्यास कृपया कळवावं. चौकशी वा दंड होणार नाही."

आपली ठेंगणी टिलीवरचीच, आणि मादी. बाबा तसं सांगायचे. सत्तावन्नच्या वणव्यानंतर ते कड्यावरून खाली उतरले आणि मुळांसकट एक फांदी टोपीत घालून वर आले. मी तेरा वर्षांची होते आणि दोरीचं वरचं टोक झाडाला नीट बांधलंय ना, हे बघायला उभी होते. नेच्याचं एक पान खुडलं म्हणून शाळेच्या सहलीतल्या बाईंना ज्यांनी दंड केला, त्या धबधब्याच्या राखणदाराने हे केलं. घरी आल्यावर म्हणाले, "एल्वा, हे उधार आणलंय. पुढच्या वणव्यात तिथलं सगळं गेलं तर परत द्यायचं."

वणव्यात नाही, पुरात गेलं. पण गेलं.

ती उत्तम आहे. दक्षिण भिंतीच्या सावलीत, त्याच कुंडीत. डोक्यावर बाबांचा तो खिळ्याने भोक पाडलेला डबा टांगलेला आहे. सकाळ-संध्याकाळ भरते, दिवसभर थेंब थेंब पडतात, तिला वाटतं आपण धबधब्याखाली आहोत. टिलीवरच्या सगळ्या माना टाकून खाली लोंबतात, ही मात्र ताठ. चौऱ्याण्णव साली तू सहा आठवडे तिला सांभाळलंस ना, तेव्हापासून. तुझ्या हातात गुण आहे, हे मी तेव्हाही म्हणाले होते.

मी खात्याला कळवणार आहे. तुझी हरकत नसावी.

तुझी,
एल्वाताई


डर्वेंट ब्रिज, टास्मानिया
१३ ऑगस्ट

ताई,

पत्र मिळालं. इथे मंगळवारपासून बर्फ आहे. घराखाली बीळ करून एक वॉम्बॅट राहायला आला आहे. तो रात्रंदिवस फरशीला पाठ घासतो. मला ऐकू येत नाही, पण खुर्ची हलते.

ठेंगणीबद्दल. माझी हरकत आहे.

बाबांच्या नावाची पायवाट आहे तिथे. पाटी आहे. त्यांना जाऊन सदतीस वर्षं झाली, आता त्यांना चोर ठरवून कुणाचं भलं होणार? लोकांना बोलायला विषय मिळेल तेवढाच. तू एकटी राहतेस, लोक काहीबाही बोलतात, मला काळजी वाटते.

शिवाय ती म्हातारी झाली. साठीनंतर कलमं धरत नाहीत, असं मी कुठेतरी वाचलंय. तिला सुखाने राहू दे. डबा भरत जा.

लाकडं फोडायची आहेत, थांबतो.

लाईल


लुरा,
२४ ऑगस्ट

प्रिय लायल्या,

साठीनंतर कलमं धरत नाहीत, हे कुठे वाचलंस ते कळव. मीही वाचीन. तीस वर्षं तू तिथल्या उद्यानात बाबांचीच नोकरी केलीस, झाडाझुडपांतच जन्म काढलास, आणि आता मला न्हाव्याच्या दुकानातलं ज्ञान शिकवतोस?

बाबांच्या नावाची तुला आजच बरी काळजी लागली! त्यांच्या शेवटच्या आजारपणात तू तीन दिवस आलास, त्यातले दोन ट्राउट मासे धरण्यात घालवलेस. मी हे उगाळत नाही. नुसती आठवण देते.

आणि चोर कशाला म्हणायचं? ते स्वतःच म्हणाले होते, उधार आणलंय. उधार आणलेलं परत केलं तर बाबांची पाटी आणखी घट्ट बसेल. परत केलं नाही, तर ते खरोखरचे चोर, आणि मी चोरीचा माल सांभाळणारी बाई.

आता एक गोष्ट लिहिते. ती पुन्हा लिहायला लावू नकोस.

चौऱ्याण्णव साली मी पार पश्चिम किनाऱ्यावर, फ्रीमँटलला मर्विनकडे गेले होते, ते सहलीला नव्हे, हे तुला ठाऊक आहे. अख्ख्या लुराला ठाऊक आहे. मी पन्नास वर्षांची होते, तो विधुर, रेल्वेच्या सिग्नलवरून निवृत्त होऊन मुलीजवळ राहायला गेलेला. सगळ्यांना मी आल्यावर सांगितलं की ठेंगणी तिकडच्या कोरड्या हवेत जगणार नाही आणि मी तिला टाकून जाणार नाही. लोक हसले. माझ्या गायकवृंदातल्या बायका तर तोंडावर हसल्या. झुडपासाठी नवरा सोडणारी म्हणून माझं नाव झालं, आणि सव्वीस वर्षं मी ते नाव निमूट वागवलं.

ती जर टिलीवर परत गेली, तिथल्या त्या बिचाऱ्या नरांना जोडीदारीण मिळाली, कड्यावर पुन्हा पोरं उगवली, तर मी परत आले त्याला काही अर्थ होता म्हणायचा. आणि ती कुंडीतच म्हातारी होऊन मेली, तर मी एक डबा भरणारी बाई. एवढंच आहे माझं. बाकी बाबांचं नाव वगैरे तू सांभाळ.

कळवायचं मी ठरवलं आहे.

एल्वाताई


डर्वेंट ब्रिज
२ सप्टेंबर

ताई,

घाई करू नकोस. सीमा उघडली की मी स्वतः येतो. आत्ता आलो तर परतताना चौदा दिवस हॉटेलात कोंडतील आणि वॉम्बॅट अख्खं घर ताब्यात घेईल.

मी येईपर्यंत कुणाला कलमं कापू देऊ नकोस. कुणाला फार जवळून बघूही देऊ नकोस. भिंग वगैरे असेल तर अजिबात नाही. भिंगाने झाडाला ऊन लागतं.

गुडघा बरा आहे.

लाईल


लुरा,
१४ सप्टेंबर

लायल्या,

भिंगाने झाडाला ऊन लागतं. हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि मग शेजारच्या घरी जाऊन त्यांनाही वाचून दाखवलं. तू नीट जेवतोस ना?

खात्याला कळवलं. नेरिडा नावाच्या बाईंचा फोन आला. बाई कसल्या, आवाजावरून तिशीची पोर. दोरीला लोंबकळून कड्यावरची झुडपं मोजणं हेच तिचं काम. मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी चोरली होती." ती म्हणाली, "पास्कोबाई, तुमच्या वडिलांना मी या क्षणी मिठी मारली असती." म्हणजे बघ.

सहा ऑक्टोबरला ती येणार, कलमं नेणार. रुजली की पुढच्या शरदात दोरीने खाली सोडून टिलीच्या नरांशेजारीच लावायची असं ठरलंय. मी वरून बघायला येऊ शकते म्हणाली. दोरीचं टोक धरायची मला सवय आहे, हे मी तिला सांगितलं.

पोरगी भलतीच खूश होती. मीही आहे, हे तुला सांगायला हवं. कित्येक वर्षांत कुठल्या तारखेची वाट पाहिली नव्हती. बैठकीचे पडदे धुतले. कुंडी पुसली.

तुझ्या पोटात काहीतरी आहे, लाईल. लहानपणी तू खिडकीची काच फोडलीस की आधी अर्धा तास हवेवर बोलायचास. काय असेल ते एका सरळ वाक्यात लिही.

एल्वाताई


डर्वेंट ब्रिज
२१ सप्टेंबर

ताई,

ठेंगणी चौऱ्याण्णव सालीच मेली.

हे झालं सरळ वाक्य. पुढची वाकडी आहेत.

शनिवारी मी तुला फोन केला होता. तू उचललास. मी म्हणालो, इथे वारा आहे, आणि ठेवून दिला. तुझं बोलणं मला ऐकू येत नाही, पण माझं मला ऐकू येतं, तीच अडचण झाली.

तू फ्रीमँटलला गेलीस त्याला दोन आठवडे झाले होते. तो डबा टपटप टपटप करायचा. मला तेव्हा चांगलं ऐकू यायचं. रेडिओ लावला तरी टपटप, जेवायला बसलो तरी टपटप. एका दुपारी मी त्या भोकात आगकाडी खुपसली. तासाभराने काढू म्हटलं. तेवढ्यात सिडनीहून बर्ट आला, चल म्हणाला, धरणावर ट्राउट उड्या मारताहेत. गेलो. नऊ दिवस. आगकाडी तिसऱ्या दिवशी आठवली. वाटलं, एवढं काय होणार? नऊ दिवस उन्हाळी वारा वाहिला आणि मी परत आलो तेव्हा ती तपकिरी होती. हात लावला की पानं गळायची. मी बादल्याच्या बादल्या ओतल्या. बाथरूममध्ये नेऊन शॉवरखाली ठेवली. चार दिवस मी त्या बाथरूममध्ये तिच्याशी बोलत होतो, ताई. उद्यानाचा राखणदार मी.

मग तुझं पत्र आलं. ते माझ्याकडे अजून आहे. "मर्विन बरा आहे. माझा निश्चय होत नाही. ठेंगणी कशी आहे ते लिही, म्हणजे मला ठरवता येईल."

ती मेली एवढं मी लिहिलं असतं, तर तू तिकडेच राहिली असतीस. मर्विनशी लग्न केलं असतंस. मला हे तेव्हाही कळत होतं. तरी मी लिहिलं, "छान आहे." घाबरलो म्हणून. तू रागावशील म्हणून. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, बहीण रागावेल म्हणून घाबरलो.

तुला पत्र टाकलं आणि विमानाने इकडे आलो. या ठेंगणीच्या घराण्यात जगात दोघीच आहेत, एक तुमच्याकडची, एक आमच्याकडची. आमची डोंगरातल्या तळ्यांकाठी असते. माझ्याच हद्दीतल्या तळ्यावरून एक उपटली, माशांच्या डब्यात घालून आणली, आणि त्याच कुंडीत लावली. बाबांनी निदान वणव्याचं कारण तरी सांगितलं होतं.

आमची वाढते ताठ. तुमची लोंबते. मी तिच्या फांद्यांना गळाची शिसं बांधली, म्हणजे वाकायची सवय लागेल. दहा दिवस ठेवली. सोडली की पुन्हा वर. तू दारात पाऊल टाकलंस आणि म्हणालीस, "अगं बाई, ही तर ताठ उभी राहिली! लायल्या, तुझ्या हातात गुण आहे." आणि मला मिठी मारलीस. तू मला त्याआधी कधी मिठी मारली होतीस आठवत नाही. त्यानंतर सांगणं जमलं नाही.

बाबांच्या नावाची मला काही पडली नव्हती. त्यांच्या आड लपत होतो.

त्या नेरिडाला थांबव. आमचं झुडूप टिलीच्या कड्यावर लावलं, तर जगात जिथे फक्त तुमच्या ठेंगण्या आहेत, तिथे परकं रक्त घुसेल. तुझ्या आयुष्याचं मी जे केलं ते केलं, टिलीचं तरी नको.

तुझं लग्न मी मोडलं. सव्वीस वर्षं रोज डोक्यात येतं. माफी मागायला मला शब्द सापडत नाहीत, तरी मागतो.

लाईल


लुरा,
१० ऑक्टोबर

लाईल,

तुझं एकवीस सप्टेंबरचं पत्र आठ ऑक्टोबरला आलं. नेरिडा सहाला येऊन गेली. टपालखात्याला दोष देत नाही. तुला सांगायला सव्वीस वर्षं लागली, त्यांना पोचवायला सतरा दिवस.

ती आली. पोर छान आहे, बुटांना चिखल होता तर बाहेर काढून ठेवले. मी तिला मागच्या अंगणात नेलं. तिने गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. एक फांदी उलटी करून पाहिली, मग दुसरी. मला वाटलं भारावली.

मग म्हणाली, "पास्कोबाई, तुम्ही बसता का?"

मी म्हटलं, "मी उभीच ठीक आहे."

ती म्हणाली, "ही ठेंगणी नाही. टास्मानियातली तिची बहीण आहे." आणि मग, म्हणजे तेवढ्याने भागलं नसावं, "आणि ही मादीही नाही. नर आहे."

सव्वीस वर्षं मी एका नराला "ये गं बाई, पाणी पी" म्हणत आले.

मी तिला चहा दिला. केकही खाल्ला तिने, दोन तुकडे. मी दिलेल्या माहितीचा कागद तिच्यासमोर होता, त्यावर वडिलांचं नाव. तिने ते खोडायला घेतलं. म्हणाली, "यात तुमच्या वडिलांचा काही संबंध दिसत नाही." मी म्हटलं, "खोडू नकोस. त्यांनी आणली होती. ती मेली. हे दुसरं कुणीतरी ठेवलंय." ती म्हणाली, "कुणी?" मी म्हटलं, "माझा भाऊ इथे राहिला होता." तेव्हा तुझं पत्र आलं नव्हतं, पण मी काही मूर्ख नाही. ती म्हणाली, "तुमचे भाऊ काय करतात?"

मी म्हटलं, "मासे धरतो."

हे जन्मात पहिल्यांदा मी सरकारी माणसाला अर्धवट सांगितलं. त्याचंही खातं तुझ्याच नावावर.

टिलीसाठी ती आता शेजारच्या धबधब्यावरच्या मादीची कलमं करून बघणार आहे. रुजतील की नाही सांगता येत नाही म्हणाली. दोरी धरायला मला बोलावलं नाही. मी विचारलंही नाही.

शिवणाच्या डब्यात एक शिशाचा मणी आहे. चौऱ्याण्णव साली कुंडीच्या मातीत सापडला होता. तेव्हापासून मी तो पडद्याच्या दोरीला बांधायचा म्हणून ठेवला आहे.

मला सध्या तुला काही लिहायचं नाही.

एल्वा


डर्वेंट ब्रिज
१९ ऑक्टोबर

ताई,

तू लिहिणार नाहीस म्हणालीस, तरी मी लिहितो. नुसती "एल्वा" अशी सही तू कधी केली नव्हतीस.

मी काही गोष्टी केल्या आहेत. इथल्या उद्यान कचेरीत जाऊन सांगितलं की चौऱ्याण्णव साली अमुक तळ्यावरून एक झुडूप मी उपटलं. कारकून पोरगा होता, तेव्हा जन्मलाही नसेल. त्याने विचारलं, आता काय करू? मी म्हटलं, लिहून ठेव. त्याने लिहून ठेवलं. माझं नाव दोनदा चुकवलं.

दुसरी गोष्ट. मी मर्विनला पत्र लिहितो. मला त्याचा पत्ता पाठव. आता त्याची नव्वदी आली असेल, कदाचित काही उपयोग नाही, पण त्याला कळायला हवं की तू त्याला एका झुडपासाठी नाकारलं नाहीस. ते झुडूप तेव्हा नव्हतंच. नाकारलं माझ्या एका खोट्यासाठी. निदान त्याच्या मनातून ते जाऊ दे. त्याने कदाचित आयुष्यभर वाईट वाटून घेतलं असेल.

एवढं मला करू दे. दुसरं काय करता येईल मला कळत नाही.

लाईल


लुरा,
१ नोव्हेंबर

प्रिय लायल्या,

मर्विनला लिहू नकोस. तो दोन हजार नऊमध्येच गेला. त्याच्या मुलीने छापील कार्ड पाठवलं होतं. त्यावर माझं आडनाव चुकीचं होतं. राखणदार असो की गायिका, पास्को लिहिणं लोकांना जमत नाही.

आता तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला खाली बसू देत नाही. "तुझं लग्न मी मोडलं." हे मी आठ ऑक्टोबरपासून रोज वाचते. तुला सव्वीस वर्षं हे वाटत आलं, आणि मी इकडे गायकवृंदाच्या बायकांसमोर मिरवत होते. मला लाज वाटली. म्हणून हे लिहिते. हे कुणालाच सांगितलेलं नाही.

मर्विनने मला विचारलंच नाही.

सहा आठवडे, लाईल. दोन्ही चांगले पोशाख नेले होते मी. रोज संध्याकाळी आम्ही बंदरावर फिरायला जायचो. रोज मला वाटायचं, आज. तो जहाजांची नावं वाचायचा. त्याने मुलीशी माझी ओळख करून दिली, "या एल्वा, लुराच्या गायकवृंदातल्या." तुला मी लिहिलं ना, माझा निश्चय होत नाही? कशाचा होणार! मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी तुला विचारलं ठेंगणी कशी आहे, कारण कुणाला तरी काहीतरी विचारायचं होतं.

शेवटच्या दिवशी स्टेशनवर तो म्हणाला, "तुझं ते झुडूप वाट बघत असेल." मी म्हटलं, "हो, त्याला माझ्याशिवाय जमत नाही." त्याने टोपी काढली. गाडी सुटली. ती तीन दिवस चालते, आणि मधला सगळा माळ सपाट. त्या तीन दिवसांत मी ठरवलं, घरी गेल्यावर काय सांगायचं. त्याने विचारलं, मी नाही म्हटलं, ठेंगणीसाठी.

तेव्हा दारात मी ती हिरवीगार बघितली, ताठ उभी, आणि तुला मिठी मारली, ती तुझ्या हातातल्या गुणासाठी नव्हती. ती मेलेली असती तर मला परत यायला कारणच उरलं नसतं. लोक विचारतील ते एक. मी स्वतःला काय सांगितलं असतं?

तू एक खोटं कुंडीत लावलंस. मी त्याला सव्वीस वर्षं पाणी घातलं. आपलं दोघांचं मिळून आहे ते. तू एकट्याने वाईट वाटून घेऊ नकोस, मला अजिबात चालणार नाही.

तो नर मी ठेवणार आहे. नेरिडाने परवानगी दिली, फक्त कड्याजवळ न्यायचा नाही. तो चांगला आहे. त्याचा काय दोष.

परवा रेडिओवर सांगितलं की सहा तारखेपासून सीमा उघडते. परतताना तुला आता कुणी कोंडणार नाही. तेव्हा ये. मी स्टेशनवर असेन. चष्मा आण आणि कानाचं यंत्रही आण, ते खणात ठेवायला घेतलेलं नाही.

आल्यावर जेवण झालं की मला विचार, "ताई, मी इथेच राहायला येऊ का?" नीट, माझ्याकडे बघून विचार. तू घोरतोस, माशांचे डबे फ्रिजमध्ये ठेवतोस आणि टपटप ऐकली की तुझं डोकं उठतं, त्यामुळे उत्तर बहुतेक नाही असंच येईल. पण विचार. मी शहात्तर वर्षांची झाले, आणि मला एकदा कुणीतरी विचारायला हवं आहे.

तुझी,
एल्वाताई